किल्ल्याच्या भिंतीतलं पिवळं फूल

सकाळपासून तुम्ही सगळे नंदूदादांनी काढलेला जो फोटो शेअर करताय, तो खोटा आहे.

कच्छच्या रणाच्या काठावरचा पडका किल्ला, उतरतं ऊन, आणि भिंतीच्या फटीतून उगवलेलं एकच पिवळं फूल.

फोटो एडिट केलेला नाही. पण ते फूल तिथे उगवलं नव्हतं. दादांनी ते तिथे लावलं होतं.

आज पहाटे दादा गेले आणि आजच मी हे लिहितेय. तुम्हाला राग येणार, माहीत आहे.

ओळखत नसाल तर सांगते. नंदूदादा पुण्यात, कसब्यात राहायचे. वीसेक वर्षं ते फोटोग्राफी टूर्स न्यायचे. कच्छ, जैसलमेर, हंपीचे अवशेष, पावसाळा सरताना साताऱ्याकडच्या पठारांवरची रानफुलं. गाइडही तेच आणि शिकवणारेही तेच.

मी तेव्हा खराडीत आयटीत होते. तो फोटो एका प्रदर्शनात पाहिला. खाली दादांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'जसं दिसलं तसं.'

मी त्या फोटोसमोर अर्धा तास उभी होते. तीन महिन्यांनी राजीनामा दिला.

आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

मग नऊ वर्षं मी दादांची असिस्टंट होते. वाळवंटात पहाटेचा उजेड कसा वाचायचा, पडक्या भिंतीसमोर किती वेळ गप्प बसायचं, सगळं त्यांनी शिकवलं. नियम एकच होता.

"गवताची काडी फ्रेममध्ये आली तर आपण सरकायचं. काडी सरकवायची नाही."

एकदा पठारावर आमच्या ग्रुपमध्ये एक रिटायर्ड शिक्षक होते. नवा कॅमेरा, नवी टोपी, सगळ्यांना घरचे लाडू वाटत होते. त्यांनी फुलासमोरची गवताची एक काडी खुडली. एकच.

दादांनी पाहिलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, कॅमेरा बॅगेत ठेवा. आता टूर संपेपर्यंत काढायचा नाही. फुलांची सजावटच करायची असेल तर घरी फ्लॉवरपॉट असेलच."

लोक हसले. मीही हसले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नियम आहे, काका."

उरलेले दोन दिवस ते बसमध्येच बसून होते.

दोन वर्षांपूर्वी दादांची तब्येत बरी नव्हती, म्हणून कच्छची टूर मी एकटीने नेली. जीप नेहमीच्याच ड्रायव्हरची, हुसेनभाईंची. त्या किल्ल्यापाशी ग्रुपला मी कौतुकाने फोटोची गोष्ट सांगत होते. हुसेनभाई शेजारी उभे होते. तेही कौतुकानेच म्हणाले,

"वो फूल तो मैं लाया था, मॅडम. खेत के पास से, जड़ के साथ, गीले कपड़े में. साहब बोले दरार में मिट्टी भरो, मैंने भरी. दो दिन में सूख गया बेचारा."

त्यांना वाटलं, मला माहीत असणार.

मी ग्रुपला म्हटलं, "चला, उजेड जातोय, फोटो काढून घ्या." मी स्वतः एकही काढला नाही.

पुण्यात आल्यावर थेट कसब्यात गेले. दादा खिडकीत पेपर वाचत बसले होते.

"दादा, ते फूल हुसेनभाईंनी आणलं होतं?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "चहा घेणारेस?"

"नाही."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "चार दिवस भटकलो होतो. एकही फ्रेम मिळाली नव्हती. आणि त्या फोटोमुळे तू आलीस ना? शेकडो लोक फुलांकडे बघायला शिकले ना? मग बिघडलं काय?"

"तुम्ही त्या काकांचा कॅमेरा बंद केलात, दादा."

त्यांनी पेपर पुन्हा उचलला. सॉरी म्हणाले नाहीत.

मी ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवून निघाले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आम्ही बोललो नाही.

मी काकांचा नंबर शोधून फोन केला. माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला माफी मागता? चूक माझीच होती. कॅमेरा मी पुतणीला देऊन टाकला. आपल्याला काही ते जमण्यातलं नाही."

मी सगळं खरं सांगितलं, तरी ते तेच म्हणत राहिले. दादांनी माझ्याशी जे केलं, त्याहून मला हे जास्त लागलं.

मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला, "ते तुला बोलावताहेत." मी गेले. दादा अंथरुणात इतकेसे दिसत होते.

"त्या फुलाचं लिही," ते म्हणाले. "मी गेल्यावर."

"आत्ता सांगा. तुम्ही बोला, मी टाइप करते. तुमच्याच प्रोफाइलवर टाकू."

"जिवंतपणी नाही जमायचं."

"म्हणजे शिव्या मी खायच्या?"

"हो," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

पहिल्यांदा फसवलंत तेव्हा मी तुमच्यासाठी अनोळखी होते. या वेळी, हे सगळं माझ्यावर टाकून गेलात तेव्हा, नव्हते, दादा.

दुपारी वैकुंठ स्मशानभूमीतून आल्यावर वहिनींना हे सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शेवटी त्यांना पश्चात्ताप झाला होता, एवढं घाल."

"झाला होता का, वहिनी? तुमच्याशी कधी बोलले?"

त्या म्हणाल्या, "नाही. राहू दे मग. जे आहे तेच टाक."

म्हणून जे आहे ते टाकलंय.

मला जे काही येतं ते तुम्ही शिकवलंत, दादा. ते मी नाकारत नाही. रागही आज जाणार नाही.

शांतपणे जा.