इस्तो आणि आग

जबाब मी लिहिला होता. अक्षर माझं, पेन माझा. खाली अंगठा बाईंचा.

तेव्हा मी समाजकार्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. क्षेत्रकार्य म्हणून कॉलेजने मला जंगलात काम करणाऱ्या एका संस्थेकडे चार महिन्यांसाठी पाठवलं. गोंडपिपरीच्या पुढच्या जंगलात जाळरेषा काढणारा आठ माणसांचा गट होता आणि त्याची गटप्रमुख मी. वय बावीस. गटात माझ्याहून लहान कुणी नव्हतं. हजेरी घ्यायची, पाण्याचं आणि औषधाच्या डब्याचं बघायचं, दिवसभरात किती रेषा झाली ते लिहायचं, वनरक्षकाला फोन करायचा. जंगलातलं काम त्या आठ जणांना येत होतं. मला लिहिता येत होतं, म्हणून मी प्रमुख. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण कुणाला सांगावं असं ते नव्हतं.

जाळरेषा म्हणजे जंगलातून काढलेला मोकळा पट्टा. उन्हाळ्यात वणवा लागला तर तो या पट्ट्याशी येऊन थांबावा, म्हणून थंडी सरता सरता पट्ट्यातलं गवत कापायचं, पाला मधोमध लोटायचा आणि तो आपणच जाळून टाकायचा. जाळायचं सकाळी, दव पूर्ण वाळायच्या आत. आग लहान राहते. दोन्ही कडांना माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन उभी असतात आणि कडेकडे सरकणारी जीभ झोडपून विझवतात.

पाला लोटायला संस्थेने दोन ब्लोअर दिले होते. पाठीला अडकवायचं आणि नळीने हवा मारायची. एक ब्लोअर कायम भाऊंकडे असायचा. भाऊ पन्नाशीचे, बोलायला पुढे.

"मॅडम, हे मशीन म्हनजे आमचा सरपंच हाय," ते म्हणायचे. "आवाज लय, अन् निंघते नुसती हवा."

"तू तरी का कमी हायस गा?" बाई मागून म्हणायच्या. "तुह्यात तं पेट्रोल बी टाका नाई लागत."

सगळे हसायचे. मीही हसायचे, पण थोडी उशिरा. गटप्रमुखाने हसावं की नाही, हे ठरवण्यात वेळ जायचा.

बाई गटात सगळ्यांत मोठ्या. साठीच्या आसपास असतील, त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. रेषा पेटवण्याचं काम त्यांचं. तसं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण दुसरं कुणी काडी ओढत नसे. चिमूटभर माती उचलून हातातून सोडायच्या, ती कुठे जाते ते बघायच्या, आणि मग पेटवायच्या. संपल्यावर सगळे डबा सोडायला बसले तरी त्या एकट्या रेषेवरून परत चालत जायच्या आणि जागोजागी राखेत उलटा हात घालून बघायच्या. हात भाजला तर तिथे पाणी. कितीदा तरी मी त्यांना म्हणाले, काठीने बघा. "काठीले का समजते पोरी," एवढंच म्हणाल्या.

त्या विस्तवाला इस्तो म्हणायच्या. तसं आमच्याकडे सगळेच म्हणतात. माझं गाव आरमोरीकडे, वडील गावतळ्यात मासे धरतात, आणि माझी आईही चुलीत इस्तोच पेटवते. पण बाईंच्या बोलण्यात दोन शब्द अगदी वेगळे होते. आपण लावतो, आपण राखतो, आपण विझवतो तो इस्तो. आपल्या हातात नसलेला, जंगल खात पळणारा तो वनवा. इस्त्याला वनवा म्हटलं तर त्या चिडायच्या. एकदा भाऊ रेषेकडे बघत म्हणाले, "आज वनवा जोरात हाय." बाईंनी डहाळी त्यांच्या पाठीवर मारली. "तोंड सांभाळून बोल गा. इस्तो हाय तो. माह्या हातचा."

मला हे माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते.

शाळेत असताना मी 'मले' म्हटलं की गुरुजी 'मला' असं म्हणायला लावत. वाईट माणूस नव्हते ते. माझं भलं व्हावं म्हणूनच करत होते, आणि झालंही. बारावीला मराठीत मला चांगले गुण मिळाले. घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. तेव्हापासून माझ्या डोक्यात दोन कप्पे झाले. एक बोलायचं, एक लिहायचं. बोलायच्या कप्प्यातला शब्द कागदावर आला की मला लाज वाटायची, कपड्यावर डाग दिसल्यासारखी.

फेब्रुवारीत एका दुपारी आमच्या रेषेपलीकडच्या रोपवनाला आग लागली. शिवण आणि बांबूची तीन वर्षांची रोपं होती. आम्ही दुसऱ्या टोकाला होतो. फोन आला तसे धावलो, संध्याकाळपर्यंत झोडपत राहिलो. रोपं बरीचशी गेली. आग रस्त्याच्या बाजूने आली होती, हे जळालेल्या पट्ट्याकडे बघून गटातला कुणीही सांगू शकला असता. कुणी विडी टाकली असेल, कुणी काही. पण दोन दिवस आधी त्याच भागातली रेषा आम्ही जाळली होती, म्हणून आमचे जबाब घ्यायचे ठरले.

वनरक्षक तरुण होते. दिवसभर आगीवर होते, हाताला फोड आले होते. मला म्हणाले, "तुम्ही लिहा ना मॅडम. तुमचं अक्षर चांगलं आहे. मी प्रश्न विचारतो."

झाडाखाली बसून मी लिहायला घेतलं. अक्षराचं कौतुक ऐकून मला बरं वाटलं होतं. लपवून काय करायचं.

पहिला जबाब बाईंचा. वनरक्षकांनी विचारलं, "आग कोणी लावली?"

बाई म्हणाल्या, "इस्तो मीच लावला. दुसरं कोन लावन? राख हातानं पाह्यली, मंगच घरी गेलो."

मी लिहिलं: आग मीच लावली. निघण्यापूर्वी राख हाताने तपासली.

लिहिताना हात क्षणभर थांबला होता. 'इस्तो' लिहावं का, एवढाच तो प्रश्न होता. सरकारी कागद. मी 'आग' लिहिलं. 'मीच' तसाच ठेवला, कारण त्या तसंच म्हणाल्या होत्या आणि मला प्रामाणिक राहायचं होतं.

मग वाचून दाखवलं. नियम आहे तसा. बाई ऐकत होत्या की नाही कोण जाणे, त्या स्वतःच्या भाजलेल्या हाताकडे बघत होत्या.

"बरोबर आहे का बाई?"

"तू लिवलं ना माय, मंग बरोबरच असन."

आणि अंगठा दिला.

बाकीच्यांचे जबाब दोन-दोन ओळींचे झाले. कागद वर, वनखात्याच्या कार्यालयात गेले. वर आम्ही कुणी गेलो नाही, रस्त्याकडचा जळालेला पट्टा गेला नाही. फक्त कागद गेले.

चौथ्या दिवशी सकाळी कार्यालयातून फोन आला. त्या बाईला चौकशी होईपर्यंत कामावर घ्यायचं नाही, आणि उन्हाळ्याच्या अंगारींच्या यादीतूनही नाव काढायचं. अंगारी म्हणजे उन्हाळाभर जंगलात आगीवर नजर ठेवणारी माणसं. बाई गेली कित्येक वर्षं अंगारी होत्या. ते काम नसेल तर त्या गावातल्या बायकांना एकच वाट असते, गाडीत बसून तेलंगणात मिरची तोडायला जायचं. बाईंचा गुडघा धरला होता. गाडीत चढताना मागून कुणीतरी ढकलावं लागायचं. म्हणून मिरचीला जाणं त्यांनी बंद केलं होतं.

त्या नेहमीसारख्या डबा आणि पाण्याची कॅन घेऊन नाक्यावर उभ्या होत्या. मला सांगावं लागलं.

"कायले?" त्या म्हणाल्या.

"जबाबात तुम्ही म्हणालात ना, आग मीच लावली."

"म्या रेषेच्या इस्त्याचं म्हटलं. वनवा मी कायले लावन वं?"

तेव्हा मला दिसलं. कागदावर एकच आग होती, रोपवनाची, आणि ती मीच लावली असं बाई म्हणत होत्या. माझ्या अक्षरात.

मला काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कानात ब्लोअर बंद झाल्यावर राहतो तसा एक आवाज राहिला. मी म्हणाले, "मी बघते बाई, काय करता येते ते." बाई कॅन घेऊन परत गेल्या. आम्ही जंगलात गेलो. हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे मी गैरहजर लिहिलं, कारण त्या वहीत तेवढे दोनच रकाने होते.

पुढचे सहा दिवस मी काय केलं ते मला नीट सांगता येतं. हजेरी घेतली. कॅन भरल्या. एकाच्या पायात काटा मोडला तो काढला. रेषा मोजली. वनखात्याच्या मोठ्या साहेबांकडे जाऊन माझं चुकलं असं सांगायचं, हे मला रोज सकाळी ठाऊक असायचं. पण महिनाअखेरीला त्यांनीच माझ्या क्षेत्रकार्याच्या फॉर्मवर सही करायची होती. ती नसेल तर वर्ष जाणार. घरी काय सांगायचं? वडिलांना क्षेत्रकार्य म्हणजे काय हेसुद्धा समजावता आलं नव्हतं. 'आमची पोरगी जंगलात साहेब हाय,' असं ते तळ्यावर सांगतात, हे आईकडून कळलं होतं.

पेटवायचं काम भाऊंवर आलं. ते माती सोडून बघायचे, पण बघून त्यांना काय कळायचं कोण जाणे. दोनदा आग कडेबाहेर सुटली. विनोद बंद झाले होते. सहाव्या दिवशी डबा खाताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तुमी लिवलेलं तुमीच खोडू शकता. आमच्याच्यानं नाई होत ते."

सातव्या दिवशी मी कार्यालयात गेले. साहेबांनी बसायला सांगितलं. मी उभीच राहिले आणि इस्तो, वणवा, रेषा, सगळं सांगितलं. बहुतेक उलटसुलट सांगितलं.

"म्हणजे जबाब तू चुकीचा लिहिलास?" ते म्हणाले.

"हो सर."

"तसं लेखी दे."

मी लिहून दिलं. साधा अर्ज, अर्धं पान. 'इस्तो' हा शब्द त्यात तीनदा आला, आणि प्रत्येक वेळी मी तो अवतरणचिन्हात टाकला. साहेबांनी वाचलं. चिडले नाहीत. रस्त्याच्या बाजूची पाहणी करायला माणूस पाठवतो म्हणाले, आणि कॉलेजला हे कळवावं लागेल म्हणाले. मी बरं म्हणाले.

पाहणी झाली. पाच दिवसांनी पत्र निघालं. बाईंना कामावर घ्यावं, यादीत नाव घालावं. मी पत्राची प्रत घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. अंगणात त्यांची सून तुरीच्या शेंगा सोलत होती.

"मायबाई तं गेल्या," ती म्हणाली. "परवा गाडी भरली मिरचीची. मुकादम एक जागा हाय म्हने. किती दिवस वाट पाहन वं, मॅडम?"

"गुडघा?"

"गुडघा संगंच नेला," ती म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली.

तिने नंबर दिला. तिथे चढावर गेल्याशिवाय रेंज मिळत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी रेषेवरच्या टेकाडावरून फोन लावला. खाली सगळे थांबले होते. तिकडून बायकांचा गलका आणि कुणीतरी तेलुगूत ओरडत असलेलं ऐकू आलं.

"बाई, पत्र आलं. तुमाले घेतलं कामावर."

"हो का?" त्या म्हणाल्या. "बरं झालं माय. पन आता कशी येऊ? गाडी तं मिरची सरल्यावरच निंघते. मुकादमाले जबान देल्ली हाय."

"बाई, ते माह्या हातानं झालं. तुमी इस्तो म्हटलं, मी आग लिवलं."



"तुले इस्तो समजत नाई का वं?"

"समजते बाई. आमच्या घरी बी तेच म्हनतेत."

"मंग काऊन नाई लिवलं?"

त्यांनी रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. कॉलेजात जाऊन आलेल्या पोरीला काहीतरी माहीत असेल, जे आपल्याला माहीत नाही, अशा आवाजात विचारलं. मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"ठेवतो पोरी," त्या म्हणाल्या. "माही सरी मागं राह्यली. बाया पुढं गेल्या."

फोन कापला गेला. मी टेकाडावरून उतरले. भाऊंनी ब्लोअर पाठीला अडकवला होता.

"येते का बाई?"

"नाई," मी म्हणाले. "मिरची सरल्यावर."

त्यांनी मान हलवली. दव वाळत आलं होतं. आम्ही कामाला लागलो.