केसांची गोळी

विमलबाई दर दहा दिवसांनी माझ्या मेडिकलमध्ये यायच्या. कोपरखैरणे गावातलं आगरी घर. खाली भाडेकरू, वर त्या, मुलगा, सून रंजिता आणि अडीच वर्षांची नात जाई. रंजिता तळोज्याच्या कंपनीत, सकाळी सहाची बस. त्यामुळे जाईचं खाणंपिणं, दुखणंखुपणं, हट्ट सगळं विमलबाईंच्या गळ्यात. त्यांचे गुडघे कुरकुरायचे, बाई कधी नाही.

जाईला बायोटिनची गोळी लागते, जन्मभर. खाऊन काही तास उलटले की आपलं लिव्हर स्वतःच साखर बनवायला घेतं, आणि त्या कामातलं पहिलंच एन्झाइम बायोटिनशिवाय हलत नाही. तुमचं-आमचं शरीर तेच बायोटिन पुन्हापुन्हा वापरतं. जाईचं ते वाया घालवतं. म्हणून रोज एक गोळी, कुटून दुधात.

हे मी कॉलेजात शिकले होते. पण दुकानात ही गोळी खपते केसगळतीवर. पहिल्या दिवशी विमलबाईंनी चिठ्ठी पुढे केली, "बाय, कसली गो ही गोली?" काउंटरवर गर्दी, माझं डोकं उठलेलं. म्हटलं, "केसांची." पुढे तेच नाव पडलं. मी कधी सुधारलं नाही. कंटाळा, दुसरं काय!

मार्चात एकविरेला जाईचं जावळ काढलं. विमलबाईंनी पेढे आणून दिले. त्यानंतर तीन आठवडे त्या गोळी न्यायला आल्या नाहीत आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

पोरीच्या अंगावर पुरळ उठलं, ते घामोळं समजून घरात पावडर लावत राहिले. मग एका सकाळी जाई उठेचना. हॉस्पिटलात पाहिलं तर साखर तळाला गेलेली, धाप लागलेली. ग्लुकोज चढवलं, बायोटिन सुरू केलं, पोर वाचली.

रंजिताने जाईला पाळणाघरात घातलं.

सोमवारी विमलबाई दुकानात आल्या. "डॉक्टर बोलला साखरेची, तू बोललीस केसांची. तू आपली, म्हनून तुजं खरं धरलं. डोक्याव केसच नाय, मंग केसांची गोली कशाला?"

"चूक माझी आहे, मावशी."

"मंग येवढं रंजिताला सांगशील? पोर परत माज्याकडं देल ती."

"सांगते," मी म्हणाले.

रंजिताची बस संध्याकाळी माझ्या दुकानासमोरच थांबते. आज शुक्रवार. रोज ती उतरताना दिसली की मी पाठ फिरवते आणि कपाटातली औषधं लावत बसते.