नाण्यावरचा अंगठा

“मी नाय हात लावला, साहेब. मना काय करायचाय तुमच्या नान्याला? वानी तरी घेनार हाय काय त्ये?”

“आवाज चढवू नकोस, भागी. इकडे ये आणि बघ.”

भागीनं राखेचे हात धुतले, पदराला पुसले नि टेबलापाशी गेली. दीनानाथ साहेबांनी मखमलीचा डबा उघडून ठेवला होता. पंधरा-वीस खाचा, खाचेखाचेत एकेक नाणं. मधल्या खाचेत चांदीचं, शंभराचं. हे बाजारात चालवायचं नाणं नव्हे. टाकसाळ अशी हौशी लोकांसाठी मुद्दाम पाडते, आरशासारखी. त्या आरशावर एका अंगाला तपकिरी अंगठा उठला होता. रेघन् रेघ दिसत होती.

ही गोष्ट नवीन पनवेलची, चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीतली. साहेब रोज मुंबईला हापिसात जायचे आणि रविवारी नाण्यांत रमायचे. आदल्या दिवशी ते हा डबा घेऊन दादरच्या एका जाणकाराकडं गेले होते. त्यानं नाणं बघितलं नि परत सरकवलं. हाताला घाम असतो, घामात मीठ, वर कातडीचं तेल. ते चांदीवर बसलं की त्या दिवशी काही दिसत नाही, दोन-तीन महिन्यांनी डाग वर येतो. पुसायला जावं तर ओरखडे. नाणं धरायचं ते कडेनं, तेही सुती मोजे घालून. एवढं सांगून त्यानं विचारलं, “घरात कुणी हाताळलं?” साहेबांना रात्रभर एकच नाव सुचलं.

“नान्याला मोजे!” भागी म्हणाली. “आमचा मुकादम इटा उचलाया फडकं देत नाय.”

“विषय बदलू नकोस. हा डबा रोज कोण पुसतं?”

“मीच पुसतंय. वरून. झाकन कवा उघडला नाय.”

सुनंदाबाई, म्हणजे साहेबांची बायको, ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं होतं.

भागी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाडीची. जमीन म्हणाल तर झोपडीखाली होती तेवढी, नि तीही स्वतःची नव्हे. दिवाळी झाली की अख्खी वाडी वीटभट्टीवर. भागी चालायला लागली ती भट्टीवरच, आणि नवरा सुदाम मिळाला तोही भट्टीवर. पुढं पनवेलच्या आजूबाजूच्या भट्ट्या एकेक करून बंद झाल्या नि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मग विटा थापणारी भागी त्याच विटा इमारतीवर चढवायला लागली. सकाळी साहेबांच्या बिल्डिंगीत तीन घरची भांडी, नऊनंतर बांधकामावर बिगारी. कातकऱ्याला घरात घ्यायला लोक आधीच कचरतात. तीन घरं मिळवायला तिला दोन वर्षं लागली होती. डब्याला हात घातला एवढं जिन्यात कुणी बोललं असतं, तर दुपारपर्यंत तिन्ही दारं बंद झाली असती. चौथं तर कुणी उघडलंच नसतं. हे भागीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती हलली नाही.

“कबूल कर, मी काही पोलिसात देणार नाही,” साहेब म्हणाले. “पण उद्यापासून येऊ नकोस.”

“येनार नाय. पन आदी ती शाईची डबी काडा.”

“कसली?”

“सोसायटीच्या शिक्क्याची. तुमच्या खनात हाय. टेबल मीच पुसतंय ना, मना म्हाईत हाय.”

साहेब सोसायटीचे सेक्रेटरी होते; त्यांनी खण उघडून डबी काढली. भागीनं उजवा अंगठा शाईवर दाबला नि समोरच्या पेपरावर टेकवला. सपाट निळा ठिपका उमटला. रेघ म्हणून एक नाही. डावा टेकवला. तोही तसाच, वर मधोमध एक चीर.

“इटा वाहून वाहून घासल्यात,” भागी म्हणाली. “दर शनवारी हजेरीच्या वहीवर अंगठा देते, तवा कारकून शिव्या घालतो. म्हनतो, तुझा अंगठा हाय का बटाटा? आता सांगा, ह्या बटाट्यानं तुमच्या नान्यावर येवड्या रेघा कुठून काडल्या?”

साहेबांनी भिंग घेतलं. ठिपका बघितला, नाणं बघितलं, पुन्हा ठिपका बघितला. मग भागीचा हात धरून अंगठाच भिंगाखाली घेतला. तिच्या हाताला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला असेल.

तेवढ्यात पोळपाटाकडून आवाज आला.

“दिवाळीला तुमच्या ऑफिसातले साठे आले होते, तेव्हा प्लास्टिकच्या डबीतून हे बाहेर कोणी काढलं? ‘हे बघा साठे, तोंड दिसतं की नाही,’ म्हणून दिव्याखाली धरून दाखवलंत. हातात चकली होती.”

“मी कडेने धरलं होतं, सुनंदा.”

“कडेने कसलं! चिमटीत धरलं होतं, पापडासारखं. ती शाई समोर आहे, उठवा की तुमचाही.”

साहेबांनी शाईकडं बघितलं. अंगठा काही उठवला नाही. नाणं मात्र या वेळी दोन बोटांनी, काठाकाठानं उचललं, खाचेत ठेवलं आणि झाकण लावलं. मग पेपराकडं बघतच म्हणाले, “ठीक आहे. ये उद्या.”

“नुसता ये उद्या नाय, साहेब. वरच्या वैनीस्नी काय सांगनार? त्यांची बी भांडी मीच घासतंय.”

“काही नाही सांगणार.”

“आनि सांगितलाव असंल तर?”

सुनंदाबाईंनी तवा उतरवला. “सकाळी जिन्यात बोलून आलेत ते,” त्या म्हणाल्या. “मी जाते आत्ताच वर, सांगून येते. तू भांडी उरक.”

त्या खरंच गेल्या. भागीनं कान देऊन ऐकलं. वरची कडी वाजली, दोन बायकांचं बोलणं झालं, एक हसली. मगच ती मोरीत बसली. अंगठ्याची शाई राखेनंही निघेना, ती तशीच राहू दिली. शेवटचं पातेलं पालथं घालून दाराशी आली नि म्हणाली, “साहेब, त्या डब्यावर आता मी फडका मारनार नाय. तुमचा तुमी मारा.”

बांधकामावर पोचायला तिला साडेनऊ झाले. मुकादम काशिराम खालूनच ओरडला, “आली काय म्हाराणी! गवंडी वर अर्धा तास बसून हाय.”

“बसू दे. बिडी वडत असंल,” भागी म्हणाली, आणि चुंबळ डोक्यावर ठेवून विटा रचायला लागली.