उघड्या गाडीतून घाट उतरताना

त्या सकाळी मी ब्रेक ऑइल तपासलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटी सांगितलं तर मी ते मुद्दाम मागे ठेवलं असं वाटेल.

माझी सगळी नोकरी ब्रेकमध्ये गेली. पुण्याच्या बाजूला एका गाड्यांच्या कारखान्यात मी चाचणी विभागात इंजिनिअर होते. नवी गाडी ट्रॅकवर न्यायची, डिस्क लाल होईपर्यंत ब्रेक मारायचे आणि पेडल किती खाली जातं ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. पन्नाशीत नोकरी सोडली आणि आईच्या सोबतीला पनवेलला खांदा कॉलनीत राहायला आले. इथे एका शेजाऱ्याला सेकंडहॅन्ड गाडी बघून दिली, मग दुसऱ्याला, आणि एक दिवस उलव्याजवळच्या एका गावातून फोन आला.

फोन करणारा चाळिशीचा. घरची जमीन विमानतळात गेलेली, आता त्याचा खडी पुरवायचा धंदा होता. त्याने एक परदेशी स्पोर्ट्स कार घेतली होती. दोनच सीट, इंजिन सीटच्या पाठीमागे, आणि बटण दाबलं की छप्पर दुमडून मागे जाणारं. घेतल्यापासून आठवड्याभरातच ती गाडी खाडीकडच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली होती आणि आठ महिने तिथेच उभी होती.

का उभी होती, ते त्याने मला तिसऱ्या खेपेला सांगितलं, तेही वडील आत गेल्यावर. "उरण रोडला मॅडम, रस्ता ओला होता. मी जरा जास्त रेस दिली. गाडी गरकन फिरली आणि उलट्या तोंडाने थांबली. समोरून कंटेनर. त्याने कसा थांबवला देव जाणे. तेव्हापासून हात लावला की घाम फुटतो."

वडील ऐंशीच्या जवळपास. सारा जन्म मिठागरात गेलेला. ओट्यावर बसून ते गाडीकडे बघत असायचे. मला म्हणाले, "पोरगा हात लावत नाय. तू चालवतंस का गो बाय? मना एकदा बसायचा हाय, छप्पर उघडून."

मुलगा म्हणाला, "चालवा मॅडम. बाबांना खोपोलीचा घाट दाखवून आणा. मी मागून माझी गाडी घेऊन येतो."

मी हो म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी म्हणाले नाही. असली गाडी मी आयुष्यात फक्त परीक्षणासाठी आलेली, दुसऱ्याच्या हातात बघितली होती. मला ती चालवायची होती.

तपासणी मी केली. बॅटरी नवी घातली, टायरचे काठ हाताने चाचपले, इंजिन ऑइल बदललं, छप्पर चार वेळा उघडून मिटून बघितलं. ब्रेकच्या पॅडची जाडी बघितली. राहिलं ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. जितकं पाणी जास्त, तितकं ते लवकर उकळतं, आणि उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं आणि चाकाला काही पोचत नाही. खाडीच्या दमट हवेत आठ महिने उभ्या असलेल्या गाडीत हे सगळ्यात आधी बघायला हवं, हे मी शिकाऊ मुलांना शिकवलेलं. पाणी तपासायचं पेन माझ्या बॅगेत होतं. काढलं, तर सेल गेलेले.

"ऑइल कधी बदललंय?" मी विचारलं.

"विकणाऱ्याने सगळं करून दिलंय. कागद आहे," तो म्हणाला आणि कागद दाखवला. त्यावर 'ब्रेक ऑइल बदलले' यापुढे खूण होती. सेल आणायला पनवेलला जाऊन येण्यात तास गेला असता. बाबा कानटोपी घालून गाडीपाशी उभे होते. मी बॅग मिटली.

डिसेंबरातली सकाळ होती. पळस्पे फाट्यापर्यंत ट्रक, रिक्षा, एसटी यांच्यातून गाडी नेणं म्हणजे नुसता ताण. ती इतकी बुटकी की ट्रकच्या चाकाचा हब माझ्या कानाच्या उंचीला यायचा, आणि प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घ्यावा लागायचा, नाहीतर पोट घासणार. चौक गाव ओलांडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि मी पहिल्यांदा रेसचं पेडल अर्ध्यापेक्षा खाली दाबलं.

पाठीत कुणीतरी तळहात ठेवून ढकलावं तशी गाडी पुढे गेली. गिअर बदलताना धक्का नाही, फक्त आवाजाचा सूर बदलायचा. मला सगळ्यात नवल वाटलं ते तिच्या अंगाचं. बुटांच्या खोक्याचं झाकण काढलं की खोका पिळवटतो. छप्पर कापलेल्या गाडीचंही तसंच होतं. पण हिच्या दारांखालच्या उंबऱ्यांत आणि तळात इतकं बळ भरलं होतं की खड्ड्यातून गेली तरी आरसा थरथरला नाही. स्टिअरिंगमधून रस्त्याची खडी न् खडी हाताला कळत होती. बाबा हसत होते. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते चष्मा काढून पुसून परत घालत होते.

घाट आम्ही चढलो. वर चहा घेतला. मुलगा मागून येऊन पोचला, वडिलांना असं हसताना बघून त्याचाही चेहरा सैल झाला. निघताना बाबा माझ्या कानाशी वाकले. "आता जराशी पळव. तो मागं हाय, त्याला दिसायचा नाय."

मी पळवली.

उतारावर शहाणा माणूस गाडी गिअरवर आवरतो. मी प्रत्येक वळणाच्या तोंडापर्यंत वेग ठेवत होते आणि शेवटच्या क्षणी ब्रेक मारत होते, ट्रॅकवर मारायचे तसे. पहिल्या दोन वळणांना गाडी खिळल्यासारखी थांबत होती. तिसऱ्याला पेडल जरा लांब गेलं. पायाला कळलं. पंचवीस वर्षं त्या पायाने हेच केलं होतं, त्याला कळणार नाही तर कुणाला. तरी मी अजून एक वळण तसंच घेतलं. पुढच्या सरळ उतारावर ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल कसलाही अडथळा न होता खाली जाऊन टेकलं.

समोर एक टेम्पो होता, प्लायवूड भरलेला, बैलगाडीच्या वेगाने उतरणारा. वर येणाऱ्या बाजूला एसटी.

मी पेडल भराभर मारू लागले. चौथ्या-पाचव्या दाबाला थोडं काहीतरी धरलं, मागच्या चाकांना असावं, आणि परत सुटलं. गिअर खाली घ्यायला स्टिअरिंगमागची डावी पट्टी ओढली. एक गिअर उतरला, इंजिन किंचाळलं. दुसऱ्यांदा ओढली तर नुसती पिपाणी वाजली. वेग जास्त असला की ही गाडी इंजिन वाचवण्यासाठी गिअर देत नाही. ज्याने हे ठरवलं त्याने बरोबरच ठरवलं असेल, पण त्या क्षणी मी त्याला शिव्या दिल्या. हँडब्रेकचं बटण ओढून धरलं. मागची चाकं धरली, गाडी शेपूट हलवायला लागली, म्हणून सोडलं, पुन्हा ओढलं.

"काय झाला गो?" बाबांनी विचारलं. बंद गाडीत वेग काचेबाहेर असतो. इथे तो आमच्या केसांत, कानांत, तोंडात होता.

उजवीकडे एसटी आणि तिच्या पलीकडे कठडा. डावीकडे डोंगराला लागून पावसाच्या पाण्याची सिमेंटची चर, आणि तिच्यापलीकडे काळा कातळ. गाडी घासून थांबवायची तर डावीकडेच. डावीकडे बाबा बसले होते. त्यांचं कोपर दारावर, बाहेर.

"बाबा, हात आत! हात आत घ्या!"

त्यांनी विचारलं नाही. दोन्ही हात छातीशी घेतले आणि मान खाली घातली. मी स्टिअरिंग डावीकडे वळवलं. डावी चाकं चरीत उतरली, गाडीचं पोट सिमेंटवर बसलं आणि दार, मडगार्ड, आरसा सगळं कातळाला घासत जाऊ लागलं. आरसा उडून माझ्या मांडीवर पडला. तो आवाज संपेचना. मग संपला. टेम्पो बऱ्याच पुढे, काही न कळता, वळणाआड गेला.

जळक्या पॅडचा वास येत होता. मी बाबांचे हात, खांदा, तोंड चाचपलं. गालावर एक खडा लागून रक्ताची रेघ आली होती, बाकी काही नाही. माझा पाय अजून पेडलवर दाबलेलाच होता.

त्यांनी कानटोपी सारखी केली. मग म्हणाले, "मिठागराचा बांध फुटायचा तवा आमचा असाच व्हायचा. पहिले पाय गार पडायचे."

पाच-सात मिनिटांत मुलगा पोचला. धावत आधी वडिलांकडे गेला, त्यांना उचलूनच बाहेर काढलं. मग गाडीभोवती फिरला. "ब्रेक गेले?"

"हो."

"विकणाऱ्याला सोडत नाही मी. खोटा कागद दिला हरामखोराने."

इथे मी गप्प बसू शकले असते. कागदावर खूण होतीच, आणि विकणारा खोटारडा होताच. मी म्हणाले, "कागद खोटा असेल. पण मी तपासलं नाही. माझ्या पेनचे सेल गेले होते आणि मला थांबायचं नव्हतं. उतारावर मी जोरात चालवली, हेही माझंच."

"बाबा होते गाडीत," तो एवढंच म्हणाला. वडिलांना आपल्या गाडीत बसवलं आणि निघून गेला. क्रेन येईपर्यंत मी चार तास त्या चरीच्या कडेला दगडावर बसून होते. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते. एकाने विचारलं, "मालक कुठेत?" मी म्हटलं, खाली गेलेत.

तीन आठवडे फोन नाही. मी दोनदा केला, त्याने उचलला नाही. आईला काही सांगितलं नव्हतं. जेवण का जात नाही म्हणून ती रोज विचारायची. मग एका रविवारी त्याचाच फोन. "पत्र्याचं काम झालंय. ब्रेक तुम्हीच करून द्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही असं बाबा म्हणतात." स्वतःचं काय म्हणणं आहे ते त्याने सांगितलं नाही.

जुनं ऑइल काढायचं काम दोघांचं. एकाने चाकापाशी बसून नट सैल करायचा, दुसऱ्याने पेडल दाबायचं. तो सीटवर बसला, उरण रोडच्या त्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच. मी खाली मागच्या चाकापाशी.

"दाबा. धरा. सोडू नका हं."

"धरलंय."

नळीतून चहाच्या रंगाचं ऑइल आलं. मी ते बाटलीत घेऊन त्याला दाखवलं. त्याने बाटली उजेडात धरून बघितली. चारी चाकं झाली तोवर दुपार टळली होती. शेवटच्या चाकाला नळीतून नवं, स्वच्छ ऑइल यायला लागलं तेव्हा तो एकदम म्हणाला, "आता पेडल टणक लागतंय."

"सुरुवातीला कसं लागत होतं?"

"चिखलात पाय घातल्यासारखं. पण त्याचा अर्थ मला कळला नसता. मीही तसाच निघालो असतो मॅडम. बाबांना घेऊन."

मी नट घट्ट केला, हात पुसले आणि पेन काढून ब्रेकच्या टाकीतलं ऑइल तपासलं. हिरवा दिवा लागला, म्हणजे पाणी नाही. त्याने इंजिन सुरू केलं, शेजारच्या सीटवरची फडकी उचलून मागे टाकली आणि मला बसायला जागा केली. गावातल्या रस्त्याने, सायकलवाल्याच्या वेगाने, आम्ही खाडीच्या बांधापर्यंत गेलो. दर पन्नास पावलांवर तो उगाचच ब्रेक मारून बघत होता आणि मी त्याला अडवलं नाही.