सीडीतला करू कांदा

ये गं, जवळ ये. कागदावरच बसवते तुले माह्यासमोर, अन् आधी दोन शब्द सुनावते. बहिणीची पोर तू, मावशीच्या घरात पाहिजे ते माग. पण लग्नाच्या गडबडीत कपाटातली सीडी न विचारता कोणी उचलते का? उचलली, बॅगेत टाकली, अन् एटापल्लीकडे शाळेच्या नोकरीवर चालली गेलीस. इथी माह्या जिवाले घोर लागला आहे.

त्या सीडीची गोष्ट तुले माहीत नाई. ऐक.

वरोऱ्याच्या एक रिटायर शिक्षिका बाई माह्याकडे यायच्या. जंगलातलं काय खायचं, कसं शिजवायचं, ते मी सांगायची अन् त्या वहीत उतरवायच्या. मंग त्यांनी त्याची वेबसाइट केली. आमच्या ब्रह्मपुरीच्या घरी समोरच्या खोलीत सुनेचं कॉम्प्युटरचं दुकान. तिनं काचेवर माह्या गोष्टी दाखवल्या तेव्हा मी पदरानं डोळे पुसले.

पण इंटरनेटची लाइन सारखी जायची. सुनेनं कुठून तरी अख्खी साइट उतरवून घ्यायचं एक साधन आणलं.

"आई, एकदा उतरली की लाइन नसली तरी दिसते."

"बाईले विचारलं का?"

"उघडं ठेवलेलं घ्याले काय विचाराचं? अन् बोल तर तुमचेच आहेत नं!"

मले ते गोड वाटलं. मी चूप राह्यली. तीच माही चूक.

तीन दिवस ते यंत्र ओढत राह्यलं. लाइन तुटली की पुन्हा पहिल्या पानापासून. मंग सीडी निघाल्या. वरून बाईचं नाव काढलं, दुकानाचं टाकलं, अन् कॉलेजच्या पोरींना वाटल्या. एक कपाटात ठेवली.

तुह्या भावाचं, माह्या धाकट्याचं, लग्न आटोपलं, पाहुणे गेले, अन् बाई आल्या. चहाले हात लावला नाई.

"त्या रानातल्या कडू कंदाचं, करू कांद्याचं, काय सांगितलं होतं तुम्ही मला?"

"रातभर पान्यात ठेवाचा, मंग उकडाचा."

"कोणत्या पाण्यात?"

मले हसू आलं. "आता काय सांगू बाई! पान्यात म्हणजे नाल्यात. चकत्या टोपल्यात बांधून वाहत्या धारेत. तेव्हा कुठी त्याचं जहर उतरते."

बाईनं पिशवीतून वही काढून दाखवली. त्यांनी नुसतं 'पाण्यात' लिहिलं होतं. ते वाचून वरोऱ्याच्या एका घरी कांदा स्वयंपाकाच्या गंजात, साचल्या पान्यात भिजवला, वर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी अख्खं घर ओकून राह्यलं. घरातली म्हातारी दोन दिवस कोणाले ओळखत नव्हती. वाचले सगळे, पण थोडक्यात.

"मी कळलं त्याच दिवशी त्या पानावर 'हा कांदा खाऊ नका' असं टाकलं," बाई म्हणाल्या. "पण ते कोणाला दिसतच नाही. कोणीतरी तीन दिवस साइट सारखी ओढली. महिन्याची डेटाची मर्यादा संपली, साइट चालवणाऱ्या कंपनीनं ती बंद करून टाकली."

मी म्हटलं, "कोणीतरी नाई बाई. आम्हीच."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच बोलल्या, "एक फोन करायचा होता. मी स्वतःच दिली असती. कोणाकडे गेली ते मला माहीत राहिलं असतं, चुकलेलं कळवता आलं असतं."

मी अन् सून दारोदार फिरलो. "काऊन जी, परत काऊन मागता?" पोरी हसायच्या. मी हात जोडायची. एकेक सीडी आणून पाट्यावर ठेचली. सगळ्या आल्या. कपाट उघडलं तर तिथली जागा रिकामी.

तुह्या आईनं परवा सहज सांगितलं, "पोरगी म्हणत होती, मावशीच्या सीडीत पाहून जंगलातलं शिजवाले शिकते."

तू नागपुरात वाढलेली. तुह्या घरी पाणी म्हणजे नळाचं, बकेटीतलं. आता तर कांदे खोदायचे दिवस आहेत, अन् तुह्या क्वार्टरमागंच रान आहे. तिथी फोन लागत नाई. जीपवाल्या भाऊसंगं दोनदा निरोप धाडला. पहिल्यांदा म्हणे, तू शाळेत शिकवाले गेली होतीस. दुसऱ्यांदा म्हणे, दार बंद होतं, हाका मारल्या, कोणी बोललं नाई.

तिसऱ्यांदा हा कागद देते. तो कांदा चुलीवर असेल तर उतरव. सुट्टी टाक अन् पहिल्या जीपनं इकडे ये. सीडी आण. सापडली नाई तर तशीच ये बाई, पण लवकर ये.