जोहराने थांबवलेले लूम

जोहरा एका जागी बसणारी बाई नव्हे. २००६ साली नारपोलीत तिच्या भाचीचा, आफरीनचा, निकाह होता. आफरीन माझी विद्यार्थिनी, म्हणून बायकांच्या खोलीत मलाही जागा मिळाली. खालीच जोहराच्या धाकट्या भावाचा, मुख्तारचा, लूमचा म्हणजे यंत्रमागांचा गाळा. खटाखट एवढी की शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागे.

आफरीनचं डी.एड.चं एक वर्ष राहिलं होतं. लग्नानंतर सासरचे ते पुरं करू देणार का, हे तिला निकाहाआधी विचारायचं होतं. पण घरची रीत वेगळी. मामा वकील म्हणून, म्हणजे मुलीची संमती विचारायला, साक्षीदारांना घेऊन येतो, मुलगी मान खाली घालते आणि मागे बसलेली बाई सांगते, "हो म्हणाली." याच खोलीत, तिच्या स्वतःच्या निकाहाला, जोहराची मान तिच्या चाचीनं हातानं दाबली होती. त्या वेळी जोहरा "थांबा" म्हणाली होती. लूमच्या आवाजात ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

म्हणून आज ती सारखी उठत होती, खिडकीशी जात होती, पुन्हा आफरीनच्या मागे येऊन बसत होती.

आफरीनचा मामा म्हणून मुख्तार साक्षीदारांना घेऊन आला. त्यानं नवऱ्या मुलाचं, फहादचं, नाव घेऊन कबूल आहे का विचारलं.

"हो म्हणाली," म्हातारी चाची सवयीनं बोलली.

"मी न्हाय ऐकलं," जोहरा म्हणाली. "मुख्तार, लूम बंद कर."

"आपा, शिफ्ट चालू आहे. खाली काजीसाहेब, पाहुणे, सगळे खोळंबलेत."

"बिर्याणी खाल्ल्याशिवाय कुणी जात नाही. बंद कर."

लूम थांबले. कान एकदम रिकामे झाले.

"मामू," आफरीन म्हणाली, "कॉलेज पुरं करू देणार का, ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगावं. मग मला विचारा."

चाचीनं कपाळाला हात लावला. मुख्तार खाली गेला. जोहराच्या ओढणीच्या टोकाला पीळ बसत गेला.

तो परत आला. "फहाद हो म्हणाला. त्याचे अब्बा गप्प आहेत."

"गप्प म्हणजे हो. आपली रीतच आहे ना," जोहरा म्हणाली. बायका हसल्या.

पण तिलाच चैन पडेना. डोक्यावरून ओढणी घेत ती जिना उतरली, थेट पुरुषांच्या मांडवात. वर आम्ही सगळ्या खिडकीशी जमलो.

ती धापा टाकत परतली. "त्याचे अब्बा हो म्हणाले. दोनदा वदवून घेतलं."

मुख्तारनं पुन्हा विचारलं.

"कबूल आहे," आफरीन म्हणाली. दारापर्यंत ऐकू गेलं.

"आता लूम चालू करू, आपा?"

"कर," म्हणत जोहरा पुन्हा उठलीच.