चौकटीवरचा गेरू

माझे सासरे, म्हणजे मामंजी, देवाशी घरच्या गड्याशी बोलावं तसं बोलायचे. याचा ताप उतरव, त्याला सुबुद्धी दे, नुसता हुकूम! आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे ते पाळक, त्यामुळं त्यांना टोकणार कोण?

मंगळवार पेठेत प्लेग शिरला आणि घराघरात उंदीर पडू लागले. घरं सोडा, माळावर झोपड्या घालून राहा, अशी महाराजांच्या दरबारची दवंडी फिरली. सगळी पेठ निघाली. मामंजींनी मात्र गेरू कालवला. बायबलात सांगितलंय, मिसर देशात ज्या चौकटींना कोकराचं रक्त लावलं होतं, ती घरं मरणानं ओलांडली होती ना, मग आपलीही ओलांडेल, असं म्हणत ते प्रत्येक ख्रिस्ती दारावर क्रूस काढत फिरले. वर छाती काढून सांगायचे, "पळायचं ते दुसऱ्यांनी. आपल्याला काय धाड भरतीया?"

काय ही घमेंड! देव म्हणजे जणू यांच्या दारचा राखणदार.

माझी लेक तेव्हा नुकती बसायला लागली होती. ती जगावी, एवढंच मला कळत होतं. आमच्या न्हाणीत मेलेला उंदीर दिसला तशी मी मामंजींपुढं जाऊन उभी राहिले. "पोरीला घिऊन माळावर जाती म्या."

"पाळकाची सूनच पळाली, असं म्हणूदे व्हय लोकांनी?"

आमचे हे बापापुढं तोंड उघडतील तर शपथ! शेजारच्या कल्हईवाल्याची बायको सामान बांधता बांधता सगळं ऐकत होती. ती आमच्या दारात येऊन कडाडली, "आमचा बी अल्ला हाय की! पर उंदीर पडला की आमी बाहीर पडतो. चल गं, माझ्या झोपडीत जागा हाय." मी पोर उचलली आणि चालू लागले. हे मान खाली घालून माझ्यामागं आले. सासूबाईंचा हात धरून ओढला, तर त्या म्हणाल्या, "मी आले तर ह्यास्नी भाकरी कोण घालंल?"

आठवडा झाला नाही तोच सासूबाईंच्या काखेत गाठ आली. मला पोटच्या लेकीसारखं वागवणारी माझी सासू त्याच घरात तडफडून गेली.

तिला माती देऊन मामंजी माळावर आले आणि झोपडीपासून लांबच उन्हात उभे राहिले. डोक्याला पागोटं नव्हतं. हे पोरीला घेऊन पुढं झाले, तर मामंजी घाईघाईनं मागं सरकले. "नगं नगं, माझ्या अंगाला लागलं असंल."

माझं डोकं फिरलं. सासऱ्यापुढं आवाज चढवू नये, हे गेलं चुलीत. "आता बोला की! जगंल का ही पोर? तुमाला समदं ठाव असतंय न्हवं?"

ते तिथंच मातीत बसले.

"मला ठाव न्हाय, पोरी. त्येच्या हातात हाय. मी कोण सांगणार?"

खरी प्रार्थना मी त्यांच्या तोंडून तेवढीच ऐकली. लेक जगली. पण एवढं बोलायला त्या माणसाला माझी सासू मरावी लागली, हा राग मी कुठं नेऊन ठेवू?